डाळिंबी रंगाचं टेंडर

सामंतबाईंनी नखं रंगवली, ही बातमी आमच्या सेक्शनमध्ये सकाळच्या चहाच्या आधी पोचली. मी दारातून आत येतेय तोच दाराजवळ बसणाऱ्या वर्माजींनी भुवया उंचावून कोपऱ्यातल्या टेबलाकडे खूण केली. बघते तर बाई नेहमीसारख्या फाइलीत डोकं घालून बसलेल्या, तीच फिकट सुती साडी, तीच बारीक टिकली, आणि फाइलीच्या पिवळट कागदावर दहाच्या दहा नखं डाळिंबी. मी आधी चष्मा पुसला. मग जवळ जाऊन उगाच स्टेपलर मागितला. खरंच होतं. निवृत्तीला आलेली बाई, जिने जन्मात कधी नखाला मेंदीसुद्धा लावली नसेल, ती नेलपॉलिश लावून सरकारी खरेदीच्या फाइलीवर शेरे मारत होती.

"काय गं, बघतेस काय?" त्या मान वर न करता म्हणाल्या. "उजव्या हाताला महागातलं आहे, डाव्याला मुनिरकाच्या बाजारातल्या ठेल्यावरचं. ओळखू येतं का सांग."

मला काही ओळखू आलं नाही. तिथून माझा जो गोंधळ सुरू झाला, तो आजतागायत पुरता निस्तरलेला नाही.

सामंतबाई आमच्या खरेदी विभागाच्या सेक्शन ऑफिसर. खुर्च्या, पंखे, कूलर, झाडू, जे काही सरकारला विकत घ्यायचं असेल ते त्यांच्या टेबलावरून जायचं. मी सांगलीची. परीक्षा पास होऊन दिल्लीत येऊन पडले, तेव्हा मला हिंदी येते असा माझा समज होता. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये तो समज फिटला. मी रडवेली होऊन बसलेली बघून सामंतबाई शेजारी आल्या, आपला डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "भेंडी आहे. तुमच्याकडच्यासारखा गूळ घातलेला नाही, त्यामुळे नाक मुरडलंस तरी चालेल." तेव्हापासून त्या ऑफिसात मॅडम आणि घरी काकू. ही विभागणी त्यांनी केली होती, पाळायची मला होती, आणि मला ती कधीही जमली नाही. एकदा भरल्या मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांपुढे मी "काकू, कूलरची फाइल" असं म्हणून बसले. बाईंनी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता फाइल दिली.

बाईंचा एका गोष्टीवर विश्वास होता, तपासल्याशिवाय घ्यायचं नाही. ही त्यांची नोकरी होती, पण नोकरी पाच वाजता सुटते, बाईंची ही खोड सुटत नसे. माझ्यासाठी मुनिरकात खोली बघायला आल्या तेव्हा घरून बादली घेऊन आल्या. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरातून निळी प्लॅस्टिकची बादली हातात घेऊन निघालेल्या बाई, मागून मान खाली घालून मी. प्रत्येक घरमालकाला सांगायच्या, भैय्या, भाड्याचं नंतर बघू, आधी बादली भरून दाखवा. मग घड्याळाकडे बघत नळाखाली उभ्या राहायच्या. ज्या खोलीला खिडकी होती, गच्ची होती, मला मनापासून आवडली होती, ती त्यांनी नापास केली, कारण तिथली बादली भरेपर्यंत मालकाचा चहा पिऊन झाला. जी पास केली तिला खिडकीच्या नावाने एक भोक होतं. मी आठवडाभर फुरंगटून होते. मग मे महिना आला, गल्लीभर लोक डबे घेऊन टँकरमागे पळायला लागले, आणि माझ्या नळाला पाणी होतं. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात दंडवत घातला. खिडकीचं दुःख मात्र तसंच राहिलं.

त्यांचं दुसरं तत्त्व असं की तपासताना नाव दिसता कामा नये. "नाव दिसलं की जीभ लाच खाते," असं त्या म्हणत. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत प्रसादाचे पेढे कुठून आणायचे यावर दरवर्षी भांडणं व्हायची. एका वर्षी बाईंनी ते काम अंगावर घेतलं. तीन हलवायांचे पेढे तीन वाट्यांत, वर रुमाल, बाजूला नुसते आकडे. कार्यकारिणीने एकेक पेढा चाखून निकाल द्यायचा. अध्यक्षांनी दुसऱ्या वाटीतला पेढा तोंडात टाकला, तोंड वाकडं केलं आणि हा खवा शिळा आहे म्हणून सांगितलं. बाईंनी रुमाल काढला. पेढा अध्यक्षांच्या व्याह्यांच्या दुकानातला निघाला. त्या वर्षी आरतीला अध्यक्ष मागे उभे राहत आणि बाई सगळ्यांत पुढे टाळ वाजवत. तेव्हापासून मंडळात त्यांना सगळे टेंडरबाई म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

अशी ही बाई एकाच प्रश्नाला सरळ उत्तर देत नसे. मंडळात कुणी विचारलं, तुमची मानसी सध्या काय करते, की म्हणायच्या, "ती नोएडाला असते." काय करते विचारलं की कुठे असते ते सांगायचं. पहिल्यांदा मला वाटलं, ऐकण्यात गफलत झाली असेल. मग लक्षात आलं, दर वेळी तेच उत्तर.

मानसी त्यांची एकुलती एक मुलगी. दिल्लीतच जन्मलेली, दिल्लीतच वाढलेली, मराठी बोलताना मध्येच 'यार' म्हणणारी. कलेक्टर व्हायचं म्हणून काही वर्षं ती कोचिंग क्लासच्या त्या कोंदट अभ्यासिकांमध्ये बसली. बाई तिच्यासाठी पहाटे उठून डबा करायच्या. एके दिवशी तिने पुस्तकं रद्दीत घातली आणि नोएडाच्या एका मोठ्या मॉलमध्ये परदेशी सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर नोकरी धरली. परीक्षा सोडली याचं बाईंना दुःख झालं असेल, पण त्यावरून त्या भांडल्या नाहीत. भांडण झालं ते नेलपॉलिशवरून. मानसीने कौतुकाने किंमत सांगितली. त्या एका बाटलीच्या पैशांत ठेल्यावरच्या वीसपंचवीस बाटल्या सहज आल्या असत्या. बाईंचं पित्त खवळलं. त्या म्हणाल्या, रंग तो रंगच, तू लोकांना गंडवायला बसली आहेस. मानसी बॅग भरून निघून गेली आणि नोएडालाच मैत्रिणींबरोबर राहायला लागली. त्यानंतर मायलेकींचं फोनवर बोलणं एवढंच, जेवलीस का, हो जेवले, तू, मी पण. वाढदिवसाला मानसीने आईला कुरिअरने एक बाटली पाठवली. डाळिंबी. बाईंनी ती न उघडता कपाटात ठेवून दिली, कितीतरी महिने.

हे सगळं त्यांनी मला त्या नखांच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, डब्यातली पोळी नुसतीच कुस्करत. "मला एवढंच कळायला हवं," त्या म्हणाल्या. "माझी मुलगी लोकांना फसवत नाही ना? वस्तू खरंच चांगली असेल तर मी जाऊन तिची माफी मागेन. नसेल तर," आणि त्यांनी डब्याचं झाकण लावून टाकलं. मी म्हटलं, काकू, सरळ जाऊन भेटा ना, नखं कशाला मध्ये. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी निविदा न मागवता कूलर घ्यायला सांगितला होता.

तर असं ते टेंडर निघालं. मी म्हटलं, उजव्या हातानेच तुम्ही सगळं काम करता, तिथे महागातलं लावलंत, हा अन्याय आहे. बाई म्हणाल्या, ज्याला जास्त पगार त्याने जास्त काम करावं, आपल्या ऑफिसात तसं होत नाही ही गोष्ट वेगळी. रोज सकाळी त्या टेबलाशी बसून दोन्ही हात उजेडात धरायच्या आणि कुठे टवका उडालाय का बघायच्या. सेक्शनमधल्या बायका येऊन आपापली मतं देऊन जायच्या. एकीला उजवा हात सरस वाटायचा, दुसरीला डावा, आणि तिसरी आपल्या नणंदेच्या नखांचं काहीतरी सांगत बसायची. मी रोज बघत होते आणि रोज माझं मत बदलत होतं.

थंडीतला एक रविवार. मी त्यांच्या क्वार्टरवर गेले तर बाई अंगणात उन्हात खाटेवर बसून मटार सोलत होत्या. शाल पांघरलेली, पुढ्यात शेंगांचा ढीग, आणि सोलताहेत डाव्या हाताने. शेंग गुडघ्याशी दाबून धरायची, डाव्या अंगठ्याने फोडायची, अर्धे दाणे खाली. बाजूला सामंतकाका वर्तमानपत्र वाचत होते. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, बोलणं बेताचं, बहुतेक गोष्टी ते पेपरमागूनच बघायचे. मी विचारलं, काकू, उजव्या हाताला लागलंय का काही? बाई चमकल्या. शालीतून उजवा हात बाहेर काढला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघितला. नखं अगदी झगझगीत, एक टवका नाही.

"मघापासून तोच हात लपवून बसली आहे," काका पेपरमागून म्हणाले. "काल भांडीसुद्धा डाव्याने घासली."

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा पडला. "अगं, माझं मन लाच खातंय," त्या हळूच म्हणाल्या. "मला पोरीला पास करायचंय."  मी खाली बसले आणि सांडलेले दाणे वेचायला लागले. मला त्यांची इतकी दया आली की त्या दिवशी मी त्यांच्याशी एकदाही वाद घातला नाही.

पण टेंडरबाई त्या. चूक कळली की पुन्हा निविदा. यावेळी नाव झाकायचं ठरलं. मानसीच्या कॉलेजच्या दिवसांतल्या नेलपॉलिशच्या दोन रिकाम्या बाटल्या घरात होत्या, एकाच घडणीच्या. त्या धुऊन पुसून काकांच्या हवाली केल्या. बाई भाजीला गेल्या असताना काकांनी स्वयंपाकघरात एकीत महागातलं ओतायचं, दुसरीत ठेल्यावरचं, कशात काय ते चिठ्ठीवर लिहून बाटलीच्या बुडाशी चिकटवायचं, आणि एका बाटलीच्या मानेला लाल दोरा बांधायचा. बाईंनी बूड बघायचं नाही. मूळ बाटल्या काकांनी लगेच कचऱ्यात टाकल्या, पुरावा नको म्हणून. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने एवढं महत्त्वाचं काम पहिल्यांदाच सोपवलं, असं काका मला सांगत होते, आणि खुशीत होते.

या वेळची तपासणी कडक होती. दोऱ्याची बाटली एका हाताला, बिनदोऱ्याची दुसऱ्या, आणि काही दिवसांनी हात बदलायचे. मटार, भांडी, लसूण, ऑफिसातल्या फाइलींच्या गाठी, सगळं दोन्ही हातांनी. आणि निकाल लागला. दोऱ्याची बाटली कुठल्याही हाताला लावा, हलायला तयार नाही. बिनदोऱ्याची दोन दिवसांत कडेने सोलायला लागायची. शंकेला जागा नव्हती. बाईंनी मला फोन करून बोलावलं, साक्षीदार म्हणून. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बाईंनी देवासमोर ठेवावी तशी दोऱ्याची बाटली टेबलावर ठेवली, डोळे मिटले, आणि मला म्हणाल्या, उलटी कर.

मी उलटी केली. बुडाच्या चिठ्ठीवर नुसता निळा डाग होता. दुसरी उलटी केली. तिथेही निळा डाग. बाई दर वेळी बाटलीचं तोंड रिमूव्हरच्या बोळ्याने नीट पुसून ठेवायच्या, कारण वस्तू स्वच्छ ठेवायची हा नियम. तो रिमूव्हर ओघळून खाली जात होता, आणि नखांच्या रंगाबरोबर बॉलपेनची शाईही पुसत होता. कधीपासून, देव जाणे. बाईंनी काकांना विचारलं, दोरा महागातल्याला बांधला होता की ठेल्यावरच्याला? काका म्हणाले, "एका बाटलीला बांध म्हणालीस, मी एका बाटलीला बांधला." कुठल्या? ते त्यांना आठवेना. दोन्हींचा रंग तर सारखाच होता, ते म्हणाले.

मग आम्ही तिघांनी त्या दोन बाटल्या हुंगल्या. काकांना सर्दी होती. मला दोन्हीला पंक्चरच्या दुकानाचा वास आला. बाईंना दोऱ्याची महागातली वाटली, मग बिनदोऱ्याची, मग पुन्हा दोऱ्याची. मी खिडकीशी जाऊन उजेडात धरल्या, हलवल्या, आणि टेबलावर ठेवताना दोरा नसता तर मीही त्यांची अदलाबदल करून बसले असते. एक जिंकली होती, एक हरली होती, आणि कोण ते कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्या सरकारी नोकरीत असं टेंडर मी बघितलं नाही.

मी म्हटलं, दोन नव्या बाटल्या आणू, शेजारी लावून बघू. बाई म्हणाल्या, महागातली फक्त मानसीच्याच काउंटरवर मिळते.  काका पेपरमागे गेले. बराच वेळ बाई आपल्या दोन हातांकडे बघत होत्या. मग उठून त्यांनी साडी बदलली.

आम्ही दोघी मेट्रोने निघालो. बोटॅनिकल गार्डनला गाडी बदलली. बाईंचे दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवलेले, डाव्याची नखं धडधाकट, उजव्याची कडेने खाल्लेली. मॉलमध्ये शिरलो तर अत्तराच्या वासाने मला शिंक आली. मानसी काचेच्या काउंटरमागे उभी होती, काळे कपडे, केस घट्ट बांधलेले, आणि समोर उंच स्टुलावर एक चाळिशीची बाई बसलेली. मानसी तिच्या एका नखाला रंग लावून दाखवत होती. आईला बघून तिचा ब्रश हवेतच थांबला.

"आई? तू इथे?"

बाई नमस्कार-चमत्कार न करता पुढे झाल्या आणि दोन्ही हात काउंटरवर ठेवले, जसे शाळेत नखं तपासायला ठेवतात तसे. "यातलं एक तुमचं आहे, एक ठेल्यावरचं," त्या म्हणाल्या. "कुठलं कुठलं, ते तुझ्या बाबांच्या कृपेने कळेनासं झालंय. तू सांग."

मानसीने आईचे हात हातात घेतले. ती आधी नखांकडे बघतच नव्हती, हातांकडे बघत होती. मग दिवा खाली ओढला, नखं तिरपी करून बघितली, अंगठ्याने चाचपली. मला वाटतं तिला लगेचच कळलं असावं. पण ती थांबली. तिला ठाऊक होतं, तिची आई कशासाठी आली आहे. चांगल्या हातावर बोट ठेवून 'हे आमचं' एवढं म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. माफी मिळाली असती, रविवारची जेवणं सुरू झाली असती. तपासायला कुणी दुसरं नव्हतं. खरं सांगते, मी मनात म्हणत होते, पोरी, म्हण, खोटं का होईना, म्हण.

"जे टिकलंय ना आई, ते आमचं नाहीये," मानसी म्हणाली. "हे निघालंय ते आमचं. खाली आधी बेसचा बिनरंगी थर लावला नाही तर आमचं टिकतच नाही, आणि बेस वेगळा विकत घ्यावा लागतो."

स्टुलावरच्या बाईला मराठी कळत नव्हतं. तिने उत्सुकतेने विचारलं, "आंटी क्या पूछ रही हैं?"

आता इथे तर गप्प बसायला काहीच हरकत नव्हती. कुछ नहीं, मेरी मम्मी हैं, एवढं पुरलं असतं. शेजारच्या काउंटरवरची मुलगी मानसीकडे डोळे वटारून बघतही होती. पण मानसीने आईचा डावा हात वर उचलला आणि हिंदीत तेच सगळं सांगितलं. मम्मी ने दोनों लगाके देखे, जो टिका वो ठेलेवाला है, हमारा बेस के बिना नहीं टिकेगा, आप दोनों लेंगी तभी फायदा है. ती बाई खळखळून हसली. मग म्हणाली, चलो, सच तो बोला, आणि रंग आणि बेस, दोन्ही बाटल्या बांधायला सांगितल्या. मी तिच्याकडे बघतच राहिले. बेस धरून ठेल्यावरच्या तीसचाळीस बाटल्यांचे पैसे देऊन ती डुलत डुलत निघून गेली.

सामंतबाई त्या रिकाम्या स्टुलावर बसल्या. चढताना त्यांना जरा कष्ट पडले, मी हात दिला. उजवा हात त्यांनी पुन्हा काउंटरवर ठेवला, मग डावाही.

"हे सगळं काढ," त्या म्हणाल्या, "आणि नीट लाव. बेस लावून."

"कुठलं लावू?"

"तुमचं."

मानसीने मान खाली घालून आईची नखं पुसायला घेतली. रिमूव्हरचा वास डोळ्यांना झोंबतो म्हणून असेल, पण तिचे डोळे वाहत होते, आणि माझेही. बाईंचे मात्र कोरडे. त्या दिव्याखाली आपल्या मुलीचे हात कसे चालतात ते बघत होत्या. एकदा फक्त विचारलं, जेवलीस का? मानसी म्हणाली, नाही. त्यांच्या फोनवरच्या संभाषणात हा शब्द कधी आला नव्हता. बाईंनी पर्समधून डबा काढला. डबा त्या घरूनच घेऊन निघाल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. आणि निघताना रंगाची आणि बेसची अशा दोन नव्या बाटल्या त्यांनी रोख पैसे देऊन घेतल्या, बिल मागून.

परतताना माझ्याच्याने राहवेना. म्हटलं, काकू, स्वस्त तेही तेच, टिकाऊ तेही तेच. नियमाप्रमाणे ठेलेवाला जिंकला. मग तुम्ही महागातलं कसं घेतलंत? बाई हात पुढे धरून बसल्या होत्या, रंग वाळायचा होता म्हणून. नखांवर एकदा फुंकर घालून म्हणाल्या, "नियमात बसत नाही." आणि थोड्या वेळाने, "पण घेतलं." मी आणखी विचारणार होते, पण त्यांचा चेहरा इतका शांत होता की मी माझा गोंधळ माझ्याजवळच ठेवला. तो अजून आहे. मी स्वतः कधी नेलपॉलिश घ्यायला गेले की दोन बाटल्या हातात धरून उभी राहते, आणि काहीच न घेता परत येते.

पुढच्या रविवारी मानसी जेवायला आली. वर्षभरात बाई निवृत्त झाल्या, क्वार्टर सोडलं आणि काका-काकू नोएडालाच राहायला गेले. माझीही बदली ठरली. निघायच्या आधीच्या आठवड्यात मी मेट्रोत बायकांच्या डब्यात दाराशी उभी होते, गर्दी होती, आणि मधल्या बाकावर सामंतबाई बसलेल्या दिसल्या. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मांडीवर ती निळी बादली, कुणाची खोली बघायला निघाल्या होत्या कोण जाणे, आणि बादलीच्या कडेवर दहा डाळिंबी नखं. शेजारच्या अनोळखी बाईने विचारलं, आंटी, कौन सा लगाया है, बहुत सुंदर है. मी कान टवकारले. वाटलं, आता किंमत सांगतील, मग ठेल्याचं सांगतील, मग बेसचं.

"मेरी बेटी बेचती है," सामंतबाई म्हणाल्या. सगळ्या डब्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "उसी से जाके पूछना. लेने लायक नहीं होगा तो मना कर देगी."